खुटबावच्या उसात पडलेली मॅगझिन

ती घटना आजही आठवते, आणि आठवली की मी आधी माझ्या उजव्या हाताचा अंगठा बघतो. का, ते पुढे येईलच.

निवृत्त पोलीस अधिकारी म्हटलं की वाचकांना पांढऱ्या मिशा दिसतात. माझ्या अजून काळ्या आहेत. तेरा वर्षं फौजदारकी करून मी स्वतःहून राजीनामा दिला आणि पुन्हा पत्रकं काढायला लागलो. पुन्हा, कारण कॉलेजात असताना शिरूरच्या एसटी स्टँडवर मी पत्रकंच वाटायचो. 'प्रश्न विचारा, मान डोलवू नका' अशी. आता वाटतो ती 'पोलीस ठाण्यात गेल्यावर तुमचा हक्क काय' अशी. मधली तेरा वर्षं मी टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसलो होतो, हे मी लपवत नाही. तिथं बरेच गुन्हे उघड केले. पण ज्या प्रकरणाचा सगळ्यात जास्त अभिमान वाटतो त्यात ना खून होता, ना दरोडा. त्यात एक पिस्तूल होतं आणि त्याचं एक बटण होतं. कोणाचं नाव लिहीत नाही. ठाण्याचंही नाही. शिरूर तालुक्यातलं एक ठाणं, एवढं पुरे.

त्या वर्षी दसरा होऊन आठवडा झाला होता. घोड नदीच्या काठावर, इनामगावच्या बाजूला, शेतकऱ्यांच्या पाणबुडी मोटारी चोरीला जात होत्या. एक आरोपी आमच्या हाती लागला. त्यानं कबूल केलं की दोन मोटारी दौंड तालुक्यात खुटबावला, एका उसाच्या फडात पुरून ठेवल्यात. अशा वेळी आरोपीला घेऊन जागेवर जायचं, दोन पंच घ्यायचे, त्यानं दाखवलेली वस्तू काढायची आणि जप्ती पंचनामा करायचा, ही रीत. मी त्या दिवशी न्हावऱ्याला बंदोबस्तात होतो. सहायक फौजदार चार जण घेऊन गेले. आरोपीचा एक साथीदार अजून मोकळा होता, म्हणून पथकात एकाकडे तरी हत्यार हवं होतं. ते दिलं एका महिला शिपायाकडे. गोळीबाराच्या सरावात आमच्या ठाण्यात तिचा नंबर पहिला, म्हणून. उपकार म्हणून नव्हे.

ती केडगावची. वडील रेल्वेत गँगमन. घरातली पहिली सरकारी वर्दी तिची. नोकरीला सहा वर्षं झाली होती.

खुटबावला मोटारी निघाल्या. पंचनामा चालू असताना आरोपीनं हिसडा दिला आणि तो उसात घुसला. बाकीचे 'धरा धरा' करत बांधावर उभे राहिले. ती आत घुसली. पुरुषभर उंचीचा ऊस, पाचट गालाला कापत होतं, तरी तिनं त्याला शंभर पावलांवर खाली पाडला आणि कॉलर धरून बाहेर आणला. पंचांमधले एक वयस्क शेतकरी, सगळे त्यांना आबा म्हणायचे, ते म्हणाले, "बाई, तुम्ही आमच्या कबड्डीच्या टीममधी पायजे व्हता!" सगळे हसले. तीही हसली.

संध्याकाळी ती ठाण्यात पिस्तूल जमा करायला गेली. शस्त्रखोली सांभाळणारे हवालदार, ज्यांना आम्ही सगळे मामा म्हणायचो, त्यांनी पिस्तूल उलटं करून पाहिलं आणि वर बघितलं.

"बाई, मॅगझिन कुठाय?"

तिनं कमरेला हात लावला. मग दुसऱ्या खिशाला. पिस्तुलाच्या मुठीत बसणारी, गोळ्या भरलेली ती चपटी डबी जागेवर नव्हती. दहा जिवंत राउंड.

पोलीस खात्यात हत्याराचा एक राउंड हरवला तरी घरचं माणूस गेल्यासारखी धावपळ होते, आणि ती व्हायलाच हवी. त्याच रात्री बॅटऱ्या घेऊन बारा माणसांनी तो फड पायाखाली घातला. काही मिळालं नाही. ठाण्याचे प्रभारी निरीक्षक, आमचे मोठे साहेब, लालबुंद झाले होते.

"आरोपी उसात जातो, ही एकटी त्याच्या मागं जाते, बाहेर येते तर मॅगझिन गायब! साथीदार आतच बसला नव्हता कशावरून? उद्या त्या गोळ्यांनी कोणी मेलं तर?" मग माझ्याकडे वळून म्हणाले, "प्राथमिक चौकशी तुमच्याकडे. तीन दिवसांत अहवाल. मग निलंबन, आणि गुन्हाही नोंदवायचा तर नोंदवू."

आता लक्षात घ्या. ठाण्यातल्या हत्यारांची देखरेख माझ्याकडे. आणि हत्याराबद्दलची चौकशीही माझ्याकडेच. आज कोणी मला हे सांगितलं तर मी त्यावर पत्रक काढीन. त्या दिवशी मी "होय सर" म्हणालो.

मी तिची चौकशी आरोपीसारखी केली. समोर उभं केलं, खुर्ची दिली नाही. याची लाज अजून आहे.

"मॅगझिन लावली होतीस?"

"लावली होती, सर."

"कशावरून?"

"आवाज आला. टक्. रोज येतो तसा."

"मग पडली कशी?"

"ते मला माहीत असतं तर मी अशी उभी असते का, सर?"

"उसात कोणी भेटलं?"

"ऊस भेटला." तिनं गाल पुढे केला. पाचटाच्या रेघा लाल झाल्या होत्या. "सर, माझ्या आईनं गावभर पेढे वाटले होते मी भरती झाल्यावर. उद्या तिला काय सांगू, गोळ्या विकल्या म्हणून?"

दारात घुटमळणारा एक शिपाई तेवढ्यात म्हणाला, "दसऱ्याला रजा टाकली, हत्याराच्या पाया न्हाई पडली. रुसलं आसल हत्यार." दसऱ्याला ती दर वर्षी रजा घ्यायची. तो धम्मचक्र प्रवर्तनाचा दिवस. केडगावात त्यांच्या वस्तीत कार्यक्रम असतो, आई खीर करते. ठाण्यात हे सगळ्यांना माहीत होतं आणि सगळ्यांनी ते मनात जपून ठेवलं होतं, नको त्या वेळी बाहेर काढायला.

ती त्याच्याकडे न बघता म्हणाली, "पिस्तूल रुसत नाही रे. ते बिघडतं."

वाक्य साधं होतं. मी ते ऐकलं आणि सोडून दिलं. पोलिसाचा हा मोठा दोष. समोरचा माणूस खरं बोलत असला की आपल्याला ते उलट उत्तर वाटतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी फोन आला. खुटबावचे आबा होते.

"सायेब, तुमची वस्तू घावली जनू. पल्याडच्या गुऱ्हाळावर हाय. तिथल्या भैय्याकडं. म्या पंच व्हतो, सही केलीया, म्हनून फोन केला. न्हाईतर कोन लागतंय पोलिसांच्या नादी?"

आम्ही शोधला तो फड दुसऱ्याच दिवशी तोडीला आला होता आणि ऊस गुऱ्हाळावर गेला होता. मी जीप काढली. गुऱ्हाळावर कढईत रस उकळत होता, काकवीचा गोड वास सगळीकडे भरून होता. उत्तर प्रदेशातून आलेला तो कामगार मला पाहून उठला, हातातला झारा खाली ठेवला आणि थेट हात जोडले. मी आवाज चढवून सुरुवात केली. तो 'नहीं साहब, नहीं साहब' यापलीकडे जाईना. माझ्या सोबतचे शिपाई त्याच्या झोपडीकडे निघाले.

आबांनी मला बाजूला घेतलं. "सायेब, आदी त्याला च्या पाजा. मंग इचारा. म्या बी तसंच इचारलं व्हतं."

मी चहा मागवला. दोघं चिपाडाच्या ढिगावर बसलो. अर्धा कप झाल्यावर तो बोलला.

"गन्ने में अटका था, साहब. चरखी में डालने ही वाला था. डाल देता तो मेरा हाथ जाता."

"मग पोलिसांत का नाही दिलं?"

त्यानं कप खाली ठेवला. "देता तो आप पूछते, बाकी बंदूक कहाँ है."

त्यानं आमच्याबद्दल जे सांगितलं ते खोटं नव्हतं. खुद्द मी दोन दिवसांपूर्वी आमच्याच बाईला तसंच विचारलं होतं.

तांदळाच्या गोणीत, फडक्यात गुंडाळून, भट्टीपासून लांब, त्यानं ती मॅगझिन ठेवली होती. दहा राउंड. मी पंचांसमोर मोजले, पुन्हा मोजले. दहाच्या दहा. त्याचा जबाब साक्षीदार म्हणून घेतला, आरोपी म्हणून नाही. आबांनी सही करताना विचारलं, "म्हंजी बाई सुटल्या नव्हं?"

सुटल्या नव्हत्या. ठाण्यात आल्यावर मोठे साहेब म्हणाले, "विकल्या नाहीत, बरं झालं. पण मॅगझिन नीट न बसवणं हा निष्काळजीपणा आहेच. तेवढं लिहा आणि संपवा. थोडक्यात सुटली म्हणा."

मी लिहायला बसलो. पहिली ओळ झाली. समोर टेबलावर मॅगझिन होती. तिच्या बाजूला एक छोटी खाच असते. पिस्तुलाचं, मॅगझिन सोडवायचं बटण आतून त्या खाचेत अडकतं, म्हणून मॅगझिन पडत नाही. त्या खाचेच्या कडेला लालसर काहीतरी दिसलं. आधी गंज वाटला. नखानं खरवडलं. गंज बोटाला असा रंग देत नाही. वास घेतला. तेल.

मी ते पिस्तूल मागवलं. मामांनी आणलं. नियमाप्रमाणे ते रिकामं आहे याची दोघांनी खात्री केली, आधी डोळ्यांनी, मग बोट घालून. रिकामी मॅगझिन लावली. टक्. ओढून पाहिली, निघाली नाही. टेबलावर ठोकली, निघाली नाही. मामा म्हणाले, "बगा, झ्याक बसतीया. बाईंचीच चूक."

"मामा, त्या बाई टेबलाशी नव्हत्या. पळत होत्या."

मी ते रिकामं पिस्तूल पट्ट्यात अडकवलं आणि ठाण्याच्या मागच्या मैदानात पळायला लागलो. भर दुपारी, वर्दीत. खिडक्यांत डोकी जमली. "फौजदारसायेब ऑलिंपिकला निघालं!" कोणीतरी ओरडलं. पहिली फेरी काही नाही. दुसरी काही नाही. तिसऱ्या फेरीत वळणावर पायाशी धप्प आवाज झाला. मॅगझिन मातीत पडली होती.

हसणं थांबलं.

मग मी बटण पाहिलं. दाबलं, आत गेलं. सोडलं, बाहेर आलं, पण अर्धंच. शस्त्रखोलीतलं दुसरं पिस्तूल घेऊन तेच केलं. त्याचं बटण अंगठा काढताक्षणी उसळून वर आलं. एवढाच फरक. तिच्याकडच्या पिस्तुलाचं बटण चिकटत होतं. अर्धवट बाहेर आलेलं बटण खाचेत टोकाएवढंच बसायचं. आवाज द्यायचं, हातानं ओढलं तर धरून ठेवायचं आणि धक्के बसले की सोडायचं. टक् हा आवाज खरा होता. तिनं सांगितलेला शब्द न् शब्द खरा होता.

मामांनी चष्मा लावला, बटण खोललं आणि पांढऱ्या फडक्यावर झटकलं. फडक्यावर लाल, चिकट लगदा पडला. आत स्प्रिंगच्या वेटोळ्यांतही तोच.

"मामा, हे काय?"

"कुकू हाय, सायेब. तेलात कालवल्यावानी झालंय. आन् नारळाचं पाणी गेलं आसल वरनं."

"कोणी घातलं एवढं?"

मामांनी फडकं टेबलावर ठेवलं. मग त्यांनी माझ्या उजव्या हाताकडे पाहिलं.

"तुम्हीच की, सायेब."

तिथं मला दसरा आठवला.

दसऱ्याला प्रत्येक ठाण्यात हत्यारं सतरंजीवर मांडतात, झेंडूची फुलं वाहतात, हळदकुंकू लावतात. त्या वर्षी मोठे साहेब हसत म्हणाले होते, "आज पूजा आमच्या पत्रकवाल्यांच्या हातनं." ठाण्यात सगळ्यांना माझे कॉलेजातले उद्योगधंदे माहीत होते. सगळे खिदळले. नाही म्हणायला हवं होतं, किंवा नीट करायला हवं होतं. मी दोन्ही केलं नाही. मी रागानं पूजा केली. अंगठा कुंकवात बुडवून प्रत्येक पिस्तुलावर कचकचून दाबला, आणि अंगठा जिथं आपसूक जातो तिथंच दाबला, म्हणजे बटणावर. वर मामांनी नारळ फोडला, पाणी शिंपडलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी मामांनी हत्यारं वरवर पुसली, वरून तेलाचा हात फिरवला, आणि रजिस्टरमध्ये 'सर्व हत्यारे खोलून साफ केली' या ओळीखाली मी सही केली. न बघता. उभ्या उभ्या.

उरलेली हत्यारं लगेच खोलून पाहिली. आणखी दोन पिस्तुलांच्या बटणांत तोच लगदा बसायला लागला होता. विचार करा. उद्या एखाद्या शिपायाला जीव वाचवायला पिस्तूल काढावं लागलं असतं आणि मॅगझिन पायाशी पडली असती, तर त्याच्या घरी कोणी जाऊन सांगितलं असतं की फौजदाराला सही करायची घाई होती?

आणि ठपका कोणावर येत होता? जी त्या पूजेला हजरच नव्हती, तिच्यावर. 'हत्याराच्या पाया न्हाई पडली' म्हणून. या गोष्टीचा संताप मला आजही येतो, आणि त्यातला अर्धा माझ्यावरच आहे.

मी मोठ्या साहेबांकडे गेलो. फडकं टेबलावर ठेवलं. त्यांनी ते बोटानं उलटंपालटं करून पाहिलं.

"असं करा," ते म्हणाले. "तांत्रिक बिघाड लिहा. जुनं हत्यार आहे. ती सुटली, तुम्ही सुटलात, मामाही सुटले."

सोय चांगली होती, हे मी नाकारत नाही. माझी बढती दोन महिन्यांवर होती. पण तांत्रिक बिघाड लिहिलं की पिस्तूल मुख्यालयात गेलं असतं आणि पुढच्या दसऱ्याला नव्या पिस्तुलाच्या बटणात पुन्हा कोणाचा तरी अंगठा गेला असता. आणि तिच्या नावापुढे 'सुटली' एवढंच राहिलं असतं. 'चूक नव्हती' असं कोणी कधी म्हटलं नसतं.

"सर, हत्यार बिघडलं नाही. मी बिघडवलं."

"तुमच्या पत्रकबाजीपायी तुम्ही स्वतःला खड्ड्यात घालणार."

"पत्रकात मी दुसऱ्यांना खरं बोला म्हणून सांगत होतो, सर. एकदा स्वतः करून बघतो."

अहवाल चार पानांचा झाला. त्यात शेवटी लिहिलं की महिला शिपाई यांची कसूर नाही. शस्त्रांची जबाबदारी असलेल्या अधिकाऱ्याने, म्हणजे मी, साफसफाई न तपासता सही केली. मामांच्या वरवर पुसण्याचाही उल्लेख केला, पण त्यांनी फक्त माझ्या ढिलाईचा फायदा घेतला असं लिहिलं, कारण तेच खरं होतं. मोठ्या साहेबांनी अहवाल वाचला, पेन उघडलं, बंद केलं, पुन्हा उघडलं आणि सही केली. 'सहमत.' हा एक शब्द लिहायला त्यांनाही काही कमी धैर्य लागलं नसणार. तेवढा मान मी त्यांना देतो.

मला सक्त ताकीद मिळाली, बढती दीड वर्ष लांबली. ठाण्यात नियम आला: हळदकुंकू ताटाला, हत्याराला नाही, आणि पूजेनंतर त्याच दिवशी प्रत्येक हत्यार खोलून, प्रत्येक बटण दहा वेळा दाबून, मगच सही. रुसण्याची भाषा करणाऱ्या त्या शिपायाला पहिल्या वर्षी मीच बटणं दाबायला बसवलं.

तिला मी ऑफिसात बोलावलं. या वेळी खुर्ची पुढे केली. "बसा," म्हणालो. सहा वर्षांत पहिल्यांदा तिला 'तुम्ही' म्हटलं होतं, ते तिच्या लक्षात आलं. ती बसली.

"तुमचं चुकलं नव्हतं," मी म्हणालो. "माझं चुकलं होतं. लेखी आहे."

ती अहवालाची प्रत वाचत होती. शेवटच्या पानावर थांबली. "सर, इथं तुम्ही स्वतःचं नाव लिहिलंय."

"होय."

"पूर्ण नाव?"

"आडनावासकट."

तिनं प्रत घडी घालून वर्दीच्या खिशात ठेवली. "आईला दाखवते," म्हणाली.

या प्रकरणानं मला जे शिकवलं ते मी पुढे प्रत्येक नव्या शिपायाला सांगत आलो. पूजा करायची तर करा, नका करू तर नका करू, तो तुमचा प्रश्न. पण कोणी खरं सांगत असेल आणि ते तुम्हाला उद्धट वाटत असेल, तर आधी वस्तू तपासा, मग माणूस. आणि सही करण्याआधी बटण दाबून बघा. माझ्या सगळ्या पत्रकांपेक्षा ही दोन वाक्यं जास्त उपयोगी पडली असतील.

आज ती दुसऱ्या एका ठाण्यात शस्त्रखोली सांभाळते. दसऱ्याला रजा अजून घेते, खीर अजून होते. दुसऱ्या दिवशी सकाळी हजर होते आणि सगळी हत्यारं खोलते. मग दर वर्षी मला फोन येतो. मी वर्दीत असताना यायचा, आताही येतो. ती फारसं काही बोलत नाही.

"सर, ऐका," एवढंच म्हणते, आणि रिकाम्या पिस्तुलात मॅगझिन सारते.

टक्.